पाकिटावरचा निळा ठिपका

ठिपका केवढा, तर मोहरीएवढा. पाकिटाची जीभ उलटली की आतल्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात. पूर्वी एक्सरेच्या फिल्मवर खुणा करायला जी निळी मेणाची पेन्सिल असायची, तिनं काढलेला. माहीत नसलेल्याला वाटावं, काहीतरी डाग पडलाय. मला माहीत होतं. असे ठिपके मी स्वतः लई काढलेत. म्हणूनच, गुढीपाडव्याच्या आधीच्या साफसफाईत माझ्याच नावाच्या पाकिटावर तो दिसला, तेव्हा मी कपाटासमोर खाली बसले ती बसलेच.

आधी ठिपका म्हणजे काय ते सांगते, नाहीतर माझा संताप कळायचा नाही.

मी रेडिओलॉजिस्ट. राहते नांदेडात. मंगळवारी अन् शुक्रवारी लातूरला जाते, तिथल्या एका सेंटरमध्ये स्तनांचे एमआरआय वाचायला. सेंटर माझ्या सरांचं. मी शिकले त्यांच्याच हाताखाली. लग्नाच्या आधीपासून ते मला बेटा म्हणतात आणि मीही त्यांचं बोट धरल्यासारखीच इतकी वर्षं चालले. सर म्हणतील ती पूर्व दिशा. माझा नवरा चिडवायचा, तुझं माहेर इथं मालेगाव रोडला नाही, लातूरला आहे म्हणून.

या तपासणीत बाईला पालथं झोपवतात, दोन्ही स्तन खालच्या खोबणीत मोकळे सोडून. आधी साधी चित्रं काढायची, मग शिरेतून औषध सोडायचं आणि लगोलग पुन्हा पुन्हा चित्रं काढायची. साधी गाठ औषध सावकाश घेते आणि धरून ठेवते. कॅन्सरची गाठ, तहानलेल्यानं तांब्या तोंडाला लावावा तशी, एका दमात पिते अन् तेवढ्याच घाईनं सोडूनही देते. पडद्यावर त्याची रेघ उमटते, चढते आणि मग उतरते. त्या उतरणीला मी अजून भिते. मग आम्ही गुण देतो. एक-दोन म्हणजे निवांत. तीन म्हणजे बहुतेक साधंच, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. चार म्हणजे तुकडा काढून तपासाच. अन् पाच म्हणजे कॅन्सरच, तुकडा काढायचा तो नुसता नाव लिहायला.

आता आमच्याकडची गंमत ऐका. पाच गुण दिले की दहा मिनिटांत दार वाजतं. नवरा, भाऊ, दीर, कोणीतरी आत येऊन हात जोडतो, "मॅडम, तिला कळू देऊ नका." बाई शिकलेली असली तर पंचाईत. ती बसस्टँडवरच पाकीट फोडून वाचणार. त्यावर सरांनी फार वर्षांपूर्वी तोड काढली होती. दोन रिपोर्ट करायचे. पाकिटात जायचा तो घरचा रिपोर्ट. साध्या गाठी आहेत, काळजीचं कारण नाही, सर्जनचा सल्ला घ्यावा, एवढंच. खरा रिपोर्ट सरांच्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. पाकिटाच्या जिभेवर निळा ठिपका. लातुरातल्या सगळ्या सर्जन मंडळींना ठिपका माहीत. त्यांनी पाकीट उघडलं, ठिपका बघितला, की घरच्या माणसाला बाजूला घेऊन चिठ्ठी द्यायची आणि त्यानं येऊन खरा रिपोर्ट न्यायचा. बाईला सावकाश, बेताबेतानं सांगायचं.

खोटं कशाला बोलू, मला ही पद्धत आवडायची. पुण्यातल्या मैत्रिणींना मी ऐटीत सांगायची, तुम्ही कागद तोंडावर फेकता, आमच्याकडे माणुसकी आहे. घरच्या रिपोर्टची भाषा तर पुढं मीच सुधारली. सरांची जरा कोरडी होती. "काळजीचं कारण नाही" हे वाक्य माझं.

गेल्या दिवाळीच्या आधी भोकरची एक शिक्षिका आली होती. माहेर औशाकडचं, म्हणून लातूरला दाखवायला आलेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि सेंटरमध्येही वर्गावर असल्यासारखीच वागायची. मशिनच्या आवाजाला घाबरली, पण टेक्निशियनला म्हणाली, "तू आधी नीट सांग, किती वेळ, मग मी हलणार नाही." अन् खरंच हलली नाही. इतकी स्वच्छ चित्रं क्वचित मिळतात. डाव्या बाजूला, काट्याकाट्यांच्या कडेची गाठ. रेघ चढली, उतरली. मी पाच दिले.

दार वाजलं. नवरा होता तिचा, शेतकरी माणूस, टोपी हातात घेऊन उभा. "मॅडम, ती लई भित्री हाय. कॅन्सर म्हनलं की हितंच जीव सोडंल. मी हाय की. मी नेतो बराबर डाक्टरकडं." मी मान हलवली, सर्जनची चिठ्ठी घेऊन खरा कागद न्यायला या म्हणाले, घरचा रिपोर्ट टाईप करून घेतला, दोन्हींवर सही केली आणि ठिपका काढला.

जाताना तिनं मला पॅसेजमध्ये गाठलं. पाकीट फोडलेलंच होतं. "मॅडम, हे खरंय ना?"

"हाव, खरंय," मी म्हणाले. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली. मलाही भरून आलं. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी फार समाधानात होते.

संक्रांतीनंतर माझ्याच उजव्या बाजूला, आंघोळ करताना, बोटांना काहीतरी टणक लागलं. मावशी याच दुखण्यानं गेलेली, त्यामुळं मी टाळाटाळ केली नाही. सोनोग्राफीत स्पष्ट होईना. सर म्हणाले, "इथंच एमआरआय कर, मी वाचतो. आणि नियम माहीत आहे ना? आपल्या घरचं चित्र आपण वाचायचं नाही." हा नियम आमचा दोघांचा. मी पाळला. पाळला म्हणजे काय, मला तो सोयीचाच होता. उघडून बघायची छातीच नव्हती माझी. मी पालथी झोपले, मशीन ठोठावत राहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी रिपोर्टची वाट बघत बाकड्यावर बसले. शेजारी नवरा.

सर बाहेर आले, पाकीट दिलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तीन आहे, बेटा. सहा महिन्यांनी बघू."

जीव भांड्यात पडला. अहमदपूरला गाडी थांबवून मी चहा प्यायले, वर भजी खाल्ली. नवऱ्यानं भज्यांना हात लावला नाही. मी म्हणाले, अहो, तुमचाच चेहरा का उतरलाय, तीन आलेत! तो म्हणाला, झोप झाली नाही. पोरगी लातूरला क्लासेसला, मे महिन्यात तिची मेडिकलची परीक्षा. मला वाटलं, तिच्या काळजीत आहे. रिपोर्ट मी एकदा वाचला आणि कपाटात टाकला. सरांचा रिपोर्ट, त्यात काय पडताळायचं?

आणि मग पाडव्याच्या आधी ते कपाट मी आवरायला काढलं.

त्या दिवशी मी घरात कोणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मंगळवार. लातूरला पोचले, सर यायचे होते. खोलीचं दार लावलं आणि मी नियम मोडला. स्वतःचं चित्र उघडलं.

हातांना सवय असते. मी आपोआप एकेक पायरी करत गेले, जशी कोणाही बाईचं करते. उजवी बाजू, वरचा बाहेरचा भाग. कडा वेडीवाकडी. औषधाआधी, औषधानंतर. रेघ मागवली. चढली. उतरली. मी बघत राहिले. आधी काय आलं मनात सांगू? भीती नाही. आधी आलं, हे तर पहिल्या वर्षाच्या पोरालाही दिसेल! मला काय समजले हे लोक? वीस वर्षं मी हेच बघते आणि मलाच "तीन"?

मी सरांच्या खोलीत गेले आणि खालचा ड्रॉवर ओढला. त्यात तारखेप्रमाणे रिपोर्ट लावलेले असतात, नेलेले काढून टाकतात. माझा होता. पाच गुण. सरांची सही. शेवटची ओळ, "तातडीनं तुकडा तपासावा." तातडीनं! अन् सव्वादोन महिने तो कागद तिथं पडून होता, माझ्या बसायच्या खुर्चीपासून दहा पावलांवर.

त्याच्याखाली आणखी एक होता. तो काढला, कारण सही माझी होती. भोकरची शिक्षिका. पाच गुण. न्यायला कोणीच आलं नव्हतं.

सर आले तेव्हा मी दोन्ही कागद टेबलावर पसरून बसले होते. त्यांनी बघितलं आणि चष्मा काढून ठेवला.

"ठिपका कशाला काढलात?" मी विचारलं. कसला मूर्ख प्रश्न! पण तोच आला तोंडात.

"हात वळला," ते म्हणाले. "सवय." मग म्हणाले, "तुझा नवरा इथं बसून रडला, बेटा. पोरीची परीक्षा होईपर्यंत थांबा म्हणाला. तू कोसळशील, तुझ्यामागं पोरगी कोसळेल. परीक्षा झाल्यावर मीच सांगणार होतो."

"माझ्या अंगातली गाठ आहे ती! थांबायचं की नाही, हे मला विचारायचं होतं!"

सर शांतच. त्यांचा आवाज मी कधीच चढलेला ऐकला नाही. "तू किती जणींना विचारलंस?"

मी दुसरा कागद त्यांच्यापुढं सरकवला. "ही का पडून आहे?"

"न्यायला कोणी आलं नसेल."

"मग फोन?"

"फोन कोण करतं? आपण कधी केलाय?" हे मात्र खरं होतं. कधीच केला नव्हता. सर्जन ठिपका बघेल, सर्जन चिठ्ठी देईल, यावर सगळी मदार. अन् जिच्या पाकिटात काळजीचं कारण नाही असं लिहिलंय, ती सर्जनकडं कशाला जाईल? इतक्या वर्षांत हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. सरांच्याही नाही. आम्ही हुशार माणसं!

नवऱ्याला मी फोनवरच धरलं. फिजिक्स शिकवतो तो कॉलेजात, सगळ्याचं गणित मांडतो. त्यानं याचंही मांडलेलं होतं. इतके आठवडे परीक्षेला, एवढ्यात गाठ किती वाढेल, हे त्यानं सरांना विचारून घेतलं होतं. "मी तुला जपत होतो गं."

"तुम्ही केसानं गळा कापलात माझा," मी म्हणाले. "शेजारी बसून भजी खाऊ दिलीत मला." का कोण जाणे, मला त्या भज्यांचाच राग जास्त आला होता. तो रडत होता. मला त्याची दया आली नाही. अजूनही पुरती येत नाही. दोघांनी, ज्यांच्यावर डोळे मिटून विसंबले त्या दोनच माणसांनी, मिळून माझं मला न विचारता ठरवलं होतं, आणि दोघांनाही वाटत होतं की मी आभार मानावेत.

त्याच संध्याकाळी मी पोरीच्या होस्टेलवर गेले आणि तिला सांगितलं. ती पोटभर रडली, मग म्हणाली, आई, तू मला सांगितलंस ना, मग बस. दुसऱ्या दिवशी तिनं सराव परीक्षा दिली. नवऱ्याचं गणित असं चुकलं होतं.

नांदेडात माझा तुकडा काढला, तपासला, कॅन्सरच निघाला. ऑपरेशनचा बुधवार ठरला. सर्जन म्हणाल्या, आधी आला असतात तर बरं झालं असतं, पण हरकत नाही. अन् त्या सगळ्या दिवसांत त्या शिक्षिकेचा कागद माझ्या पर्समध्ये होता. फोन दोनदा लावला, नंबर तिच्या नवऱ्याचा होता, त्यानं उचलला नाही. मग ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी मी गाडी घेऊन भोकरला गेले.

शाळा सकाळची. ती नुकतीच घरी आलेली. अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती, तिच्या कडेनं मला वाट दाखवत ती दारापर्यंत आली. ओळखलं लगेच. "अगंबाई, मॅडम! तुम्ही आमच्या घरी!" आत नेलं, खुर्चीवर बसवलं, चहा टाकला. नवरा मागच्या दारातून बादली घेऊन आला, मला बघितलं आणि बादली ठेवून जागच्या जागी खाली बसला.

"तुमच्या कागदानं मला जगवलं बघा," ती म्हणाली. देवघरातून पाकीट काढून आणलं. माझंच ते. जिभेवर ठिपका. "गाठ जरा मोठी झालीय, दुखतीही. पण साधीच आहे ना, म्हणून मी तिकडं लक्षच देत नाही. वहिनी म्हणतात, पुन्हा दाखव. मी म्हणते, मॅडमनी लिहून दिलंय."

वाटेत मी बरीच वाक्यं जुळवली होती, हळूहळू, बेताबेतानं सांगायची. ती सगळी घरच्या रिपोर्टसारखीच होती. मी कप खाली ठेवला.

"बाई, तो कागद खोटा आहे. खरा हा आहे. तुम्हाला कॅन्सर आहे, आणि हे मला त्याच दिवशी माहीत होतं."

ती तिथंच जीव सोडणार होती म्हणे. नाही सोडला. माझ्या हातातून कागद घेतला, ओळीखाली बोट धरून सावकाश वाचला, शेवटच्या आकड्यावर बोट थांबलं. "हे पाच काय?" मी सांगितलं. उपचार काय असतात, नांदेडात कोणत्या डॉक्टर ते करतात, तेही सांगितलं. वेळ गेलाय, पण संपलेला नाही, हेही सांगितलं. मग तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"म्या येनारच होतो कागद न्यायला," तो खालूनच म्हणाला. "पर तू हसून राहिली होतीस गं. लई दिसांनी. आज सांगतो, उद्या सांगतो... मला ते हसू मोडवलं न्हाई."

तिनं दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकच तारीख, खाली एकच सही. "प्रगतिपुस्तकावर पोरं बापाची सही ठोकून आणतात," ती म्हणाली. "नजर टाकली की ओळखते मी. यातली खोटी कोणती, मॅडम?"

माझ्या जिभेवर आलं होतं, मलाही आहे हो, माझ्या पाकिटावरही ठिपका होता, मलाही माझ्याच माणसांनी फसवलं. आलं होतं अगदी ओठांवर. मग कळलं, ही बाई माझ्यावर दया करेल. उठून मला पाणी देईल. मी ते गिळलं.

"दोन्ही माझ्याच आहेत," मी म्हणाले.

ती उठली, आत गेली, साडी बदलून आली. खरा कागद पिशवीत घातला, खोटा टेबलावरच राहू दिला.

"गाडी आहे ना तुमची? मला त्या नांदेडच्या डॉक्टरकडं न्या. आत्ता." दारात चपला घालताना ती थांबली. "अन् वाटेत माझ्याशी काही बोलू नका. तुम्ही बोललात की मला खरं वाटतं."